गॅप : ३१ वर्षे

लातुरात जून महिन्यात रस्त्याने दोन प्रकारची माणसं चालताना दिसतात. पाठीला सॅक असते ती डॉक्टर व्हायला आलेली, आणि डोक्यावर गादीची वळकटी असते ते त्यांचे वडील. गावाला ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की रिक्षावाला सॅककडे बघून क्लासचं नाव सांगतो आणि वळकटीकडे बघून मेसचा दर. २०२४च्या जूनमध्ये वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पाठीला सॅक लावून रिक्षात बसलो, तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "काका, पोरगं पुढं गेलं का?"

मी लातूरचाच. माझी दातांची लॅब आहे. दवाखाना नव्हे, लॅब. हा फरक सांगता सांगता माझे स्वतःचे दात झिजायला आले. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे पाठवतात. मी त्यात डेंटल स्टोन ओततो, साचा काढतो, मेणात दात लावतो, फ्लास्कमध्ये घालून शिजवतो, घासतो, पॉलिश करतो आणि कवळी डबीत घालून परत पाठवतो. मापासोबत एक चिठ्ठी येते : 'अप्पर फुल, शेड ए-टू, शुक्रवारी अर्जंट.' शेड गाइडवर दातांच्या सोळा छटा असतात. लातूर जिल्ह्याला त्यातली ए-टूच का आवडते, हे मला आजवर उमगलेलं नाही. तंबाखू खाणाऱ्या माणसालाही कवळी मात्र पांढरीशुभ्र लागते. ते असो. सांगायचं ते हे, की पंचवीस वर्षांत मी निम्म्या जिल्ह्याचं हसू केलं, पण ते हसताना एकालाही पाहिलं नाही. १९४८च्या डेंटिस्ट अॅक्टमध्ये माझ्या जमातीला 'डेंटल मेकॅनिक' म्हटलं आहे. स्कूटरच्या मेकॅनिकला निदान स्कूटर बघायला मिळते.

तर एकदा एका नव्या दवाखान्यात मी स्वतः कवळी पोचवायला गेलो. खुर्चीत एक आजोबा होते. कवळी बसवली, आजोबांनी जबडा दोनदा हलवला आणि म्हणाले, "टोचायली." डॉक्टर सव्वीस-सत्तावीस वर्षांचे असतील. ते म्हणाले, "लॅबने नीट घासली नाही." मी म्हटलं, "जरा बघू का?" आणि पुढे वाकलो. नुसता वाकलो. डॉक्टर म्हणाले, "काका, तोंडात हात घालायचा नाही. तुम्ही टेक्निशियन आहात."

त्यांचं बरोबर होतं. कायद्याने मला पेशंटच्या तोंडात बोट घालता येत नाही, आणि येऊ नये हेच ठीक. पण चुकीचं बोलणाऱ्या माणसाला आपण माफ करू शकतो, बरोबर बोलणाऱ्याला नाही. रात्री जेवताना मी बायकोला म्हटलं, "मी डेंटिस्ट होणार."

ती म्हणाली, "अहो, आमटी वाढू का?"

वयाची अट आडवी आली असती तर प्रकरण त्या आमटीवरच संपलं असतं. २०१७ साली 'नीट' या प्रवेशपरीक्षेला खुल्या वर्गासाठी पंचविसाची कमाल मर्यादा घातली होती. कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०२२च्या मार्चमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कमाल वय ही भानगडच काढून टाकली. किमान वय तेवढं राहिलं : प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण. ही अट मी चांगलीच पूर्ण करत होतो. त्यात कुणीतरी मला ओडिशातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याची बातमी दाखवली. ते गृहस्थ २०२० साली चौसष्टाव्या वर्षी नीट पास होऊन सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला बसले. ती बातमी मी छापून घेतली आणि लॅबमध्ये फर्नेसच्या वर चिकटवली. चौसष्टाचा माणूस एमबीबीएस करतो, मग अठ्ठेचाळिसाच्या माणसाला बीडीएस म्हणजे काय, असा माझा हिशेब. त्या गृहस्थांना डोकं असेल, ही शक्यता मी हिशेबात धरली नव्हती.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून पन्नास टक्के लागतात. माझी मार्कशीट १९९४ची. किल्लारीचा भूकंप झाला ते आमचं बारावीचं वर्ष. पुढे कितीतरी महिने अख्खी गल्ली अंगणात झोपायची. त्या वेळी सीईटी नव्हती, बारावीच्या मार्कांवरच डॉक्टरकी ठरायची, आणि माझे मार्क डॉक्टरकीपासून बरेच लांब राहिले. याला भूकंप कारणीभूत, असं मी जन्मभर सांगत आलो. बायको हे ऐकून घेते. मग ती फक्त एवढंच विचारते, की त्याच अंगणात, त्याच बाजेवर झोपणाऱ्या माझ्या चुलत भावाला नव्वद टक्के कसे पडले. पन्नास टक्के मात्र होते. काठावरून, पण होते.

क्लास नंतर लावला, आधी पुस्तकं घेतली. नवी कशाला, म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एनसीईआरटीचा अकरावी-बारावीचा गठ्ठा आणला. पहिल्याच रात्री चाळू लागलो आणि चक्रावलो. हे तर माझंच आत्मचरित्र होतं! बायोलॉजीत पचनाचा धडा, आणि त्याच्या सुरुवातीलाच दात : पटाशीचे दोन, सुळा एक, उपदाढा दोन, दाढा तीन. दुधाचे आणि कायमचे. जबड्याच्या हाडाच्या खोबणीत रुतलेले. केमिस्ट्रीत जिप्सम तापवून प्लास्टर ऑफ पॅरिस कसं होतं त्याची समीकरणं, आणि ते दंतवैद्यकात वापरतात असा चक्क उल्लेख. पॉलिमरचा अख्खा धडा. कवळीचं गुलाबी अॅक्रिलिक म्हणजे पॉलिमरच की! धातू खनिजातून कसे काढतात त्याचाही धडा. कोबाल्ट-क्रोमच्या चौकटी ओतण्यात माझी उमर गेली. मी बायकोला हाक मारली. म्हटलं, "अगं, यांनी माझ्या लॅबवरच पेपर काढलाय."

मग मी त्या धड्यांवर तुटून पडलो. रात्री लॅब बंद करून बसायचो. पचनाचा धडा तर मला पानाच्या आकड्यासह पाठ झाला. प्लास्टर घट्ट होताना गरम का होतं, हे मी पोराला (आमच्या लॅबमधल्या मदतनीस पोराला) इतक्यांदा समजावलं की त्याने दुसरीकडे कामाची चौकशी सुरू केली.

क्लासच्या काउंटरवर एक मुलगी बसायची. तिने फॉर्म पुढे ओढला.

"पाल्याचं नाव?"

मी माझं नाव सांगितलं.

"नाही, पाल्याचं."

"पाल्य मीच."

तिने पेन खाली ठेवलं, आत गेली, आणि आतून एक सर आले. मला वरपासून खालपर्यंत बघत त्यांनी विचारलं, "रिपीटर का?" मी म्हटलं, "हो, १९९४चा." सर हसले नाहीत. लातुरात रिपीटर हा शब्द कुणी हसण्यावारी नेत नाही. इथे दोन-दोन, तीन-तीन वर्षं घोटणारी पोरं असतात. त्यांनी मला रिपीटर बॅचमध्ये घेतलं. फॉर्मवर 'पालकाचा मोबाईल क्रमांक' असा रकाना होता. तो रिकामा ठेवता येत नव्हता. माझे वडील वारलेत, आईकडे मोबाईल नाही. मी बायकोचा नंबर लिहिला.

हे वाक्य मी सहज लिहिलं, पण पुढच्या दहा महिन्यांतलं सगळं दुःख त्यात आहे.

पहिल्याच आठवड्यात बायोलॉजीच्या सरांनी सहज विचारलं, "काका, तयारी कुठपर्यंत?" हे सर एकोणतीस वर्षांचे. ते मला आधी काका म्हणत, मग सर म्हणू लागले, आणि मीही त्यांना सर म्हणत असल्यामुळे आमचं बोलणं दोन हेडमास्तरांच्या भेटीसारखं वाटायचं. मी छाती काढून सांगितलं, "पचन पूर्ण झालं, सर. दातांचं तर काही विचारा." मागच्या बेंचवर खसखस पिकली. सर हळूच म्हणाले, "सर, तो धडा डिलीट आहे."

"डिलीट म्हणजे?"

म्हणजे अभ्यासक्रमातून वगळलेला. नीटचा अभ्यासक्रम २०२४पासून कमी केला, त्यात पचन गेलं. मी म्हटलं, ठीक आहे, केमिस्ट्री तर आहे. केमिस्ट्रीच्या सरांना गाठलं. प्लास्टर ऑफ पॅरिस ज्यात येतं तो एस-ब्लॉक गेला. पॉलिमर गेले. धातू काढण्याचा धडा गेला. स्थायुरूप अवस्था गेली. कुणी माझ्या लॅबवर पाळत ठेवून, मला येतं तेवढंच शोधून वगळलं असतं तरी यादी याहून वेगळी झाली नसती. देशातल्या दंतवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत आता माणसाच्या दातावर प्रश्न येत नाही. बेडूक मात्र अभ्यासक्रमात शाबूत आहे. बेडकाला फक्त वरच्या जबड्यात दात असतात, खालच्यात नसतात, ही माहिती मी स्वखर्चाने मिळवली. तीही कुणी विचारली नाही.

मग राहिलं काय? एकशे ऐंशी प्रश्न : फिजिक्सचे पंचेचाळीस, केमिस्ट्रीचे पंचेचाळीस, बायोलॉजीचे नव्वद. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. पूर्ण सातशेवीस, आणि वेळ तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. मी एक दाढ घासायला वीस मिनिटं घेणारा माणूस.

फिजिक्सने माझी अब्रू रोज थोडी थोडी काढली. माझ्या हातात पंचवीस वर्षं मायक्रोमोटर आहे. तो मिनिटाला पस्तीस हजार फेरे फिरतो. बोटाला कंप नुसता जाणवला तरी बेअरिंग गेलं की कोलेट सैल झालं, हे मी डोळे मिटून सांगतो. सरांनी फळ्यावर लिहिलं : मिनिटाला पस्तीस हजार फेरे, तर कोनीय वेग काढा. मी म्हटलं, "सर, हा माझ्या रोजच्या..." सर म्हणाले, "मग या पुढे." मी पुढे गेलो. फळ्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. शेजारच्या बेंचवरची उदगीरची मुलगी शेवटी दयेने पुटपुटली, "काका, टू पाय बाय सिक्स्टीने गुणा." उत्तर सेकंदाला सुमारे तीन हजार सहाशे पासष्ट रेडियन येतं. ते मला आता झोपेतही येतं. परीक्षेत तो प्रश्न आला नाही.

दर रविवारी टेस्ट असे आणि सोमवारी निकाल पालकाच्या मोबाईलवर जाई. 'प्रिय पालक, आपल्या पाल्यास फिजिक्समध्ये १८० पैकी ११ गुण मिळाले आहेत. कृपया लक्ष द्यावे.' बायको लॅबचे हिशेब बघते; तिचं लक्ष कशावर असतं आणि ते किती बारीक असतं, हे जिल्ह्यातल्या उधारी ठेवणाऱ्या सगळ्या डॉक्टरांना ठाऊक आहे. तिने तो मेसेज मोठ्याने वाचला. मग माहेरच्या ग्रुपवर टाकला. मेहुण्याने अंगठा दाखवला. वर होता की खाली, ते मी विचारलं नाही. एकदा मला ताप आला आणि मी घरीच पडून होतो, तरी मेसेज आला : 'आपला पाल्य आज वर्गात गैरहजर आहे.' शेजारच्या खाटेवर बसून तिने मेसेजला उत्तर टाइप केलं, "घरीच आहे. काढा प्यायला नको म्हणतो."

क्लासच्या खाली पालकांना बसायला एक शेड होती. वॉचमन मला सवयीने तिकडेच पाठवायचा. सुरुवातीला मी वाद घातला, मग मधल्या सुट्टीत मीच तिथे जाऊन बसू लागलो, कारण तिथे पंखा होता आणि माझ्या वयाची माणसं होती. गंगाखेडचे, अहमदपूरचे, नायगावचे बाप. सोयाबीनचा भाव, खोलीचं भाडं, पोराच्या डोक्यात काही शिरायलंय का नाही, असल्या गप्पा. एकाने विचारलं, "तुमचं पोरगं कोणत्या बॅचला हाय?" मी खरं सांगितलं. शेडमध्ये सगळे गप्प झाले. एकाने चहाचा पेला माझ्याकडे सरकवला. दुखवट्याच्या घरी सरकवतात, तसाच. गंगाखेडच्या गृहस्थांवर मात्र भलताच परिणाम झाला. संध्याकाळी त्यांनी पोराला माझ्यापुढे उभं केलं. "बघ, ह्या वयात माणूस अभ्यास करायलाय. लाज वाटू दे जरा." त्या पोराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. माझ्यामुळे किती पोरांनी त्या वर्षी बोलणी खाल्ली असतील कोण जाणे. आणि टेस्टमध्ये ते पोरगं माझ्या तिप्पट मार्क घ्यायचं, हे त्याच्या वडिलांना सांगायचा धीर मला झाला नाही.

अभ्यास जमत नाही असं दिसलं, की माणूस कागदपत्रांकडे वळतो. परीक्षेला अजून दोन महिने होते तेव्हा मी प्रवेशाला लागणारे सगळे कागद जमवायला घेतले. दहावीची, बारावीची मार्कशीट, टीसी, डोमिसाईल, राष्ट्रीयत्व, फिटनेस. टीसीसाठी जुन्या कॉलेजात गेलो तर क्लार्क म्हणाला, "वडिलांचं नाव तेच ठेवायचं ना?" दोन्ही नावांत गोंधळून तो मला माझाच बाप समजत होता. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. सगळे त्याला गॅप सर्टिफिकेटच म्हणतात. नोटरीकडच्या टायपिस्टकडे त्याचा तयार मजकूर होता.

"गॅप किती? एक वर्ष का दोन?"

"एकतीस."

त्याची बोटं कीबोर्डवरच थांबली. "साहेब, यात 'सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण अथवा गैरकृत्य केलेले नाही' असं लिहितो आपण. एकतीस वर्षांची हमी देता का?" मी म्हटलं, देतो. "मग सदर कालावधीत काय केलं ते लिहावं लागेल." मी विचार केला आणि सांगितलं, "दात केले." त्याने तसंच टाइप केलं. वकीलसाहेबांनी न वाचता शिक्का मारला.

सगळ्यात गोड कागद रॅगिंगविरोधी हमीपत्राचा. यूजीसीच्या २००९च्या नियमाप्रमाणे हे हमीपत्र विद्यार्थ्याने आणि पालकाने, दोघांनी द्यायचं असतं. आता पालक म्हणून बायकोने सही करावी हे मला पटेना. मेसेजांचा अनुभव ताजा होता. म्हणून आईला पुढे केलं. आईचं वय पंचाहत्तर. तिच्या तोंडात मीच केलेली कवळी आहे, आणि ती सैल आहे हे ती गावभर सांगते. मी तिला वाचून दाखवलं : माझा पाल्य कोणालाही रॅगिंग करणार नाही, केल्यास होणारी शिक्षा मला मान्य आहे. आई लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "रॅगिंग म्हंजे काय रे?" मी म्हटलं, मोठी पोरं नव्या पोरांना छळतात ते. तिने पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, आणि काळजीच्या सुरात विचारलं, "मग तुला कोणी छळलं तर कुणाकडं जायचं, ते लिहिलंय का ह्यात?"

ऑनलाइन फॉर्मचं प्रकरण बोटांवर आलं. दोन्ही हातांच्या दहाही बोटांचे ठसे शाईने उमटवून अपलोड करायचे असतात. पंचवीस वर्षं प्लास्टर आणि अॅक्रिलिक घासलेल्या माझ्या बोटांवर रेषा नावालाही उरलेल्या नाहीत. दहा काळे ठिपके उमटले. सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, "काका, हात धुऊन या." पुन्हा दहा काळे ठिपके. त्याने तेच चढवले.

४ मे २०२५, रविवार. परीक्षा दोन ते पाच, दीड वाजता गेट बंद. लातूरचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर नशीबवान आहात. बूट नको, पायात चप्पल. पूर्ण बाह्यांचा सदरा नको. घड्याळ, अंगठी, पाकीट काही नको. पेनसुद्धा ते आतच देतात. मला साखरेचा त्रास आहे, आणि मधुमेही परीक्षार्थीला पारदर्शक बाटलीत पाणी आणि केळं, सफरचंद असलं फळ नेता येतं. बायकोने मला केळं दिलं. गेटवरच्या पोलिसाने मला बाजूला घेतलं. "पालकांनी दोरीच्या मागं उभं राहा." मी प्रवेशपत्र दाखवलं. त्याने फोटो बघितला, मला बघितलं, केळं बघितलं. मग त्याने मेटल डिटेक्टर आधी माझ्यावरून फिरवला आणि नंतर केळ्यावरून.

आत बायोमेट्रिकचं यंत्र होतं. उजवा अंगठा, नाही. डावा, नाही. तर्जनी, नाही. माझ्यामागे रांग तुंबली. यंत्रावरची मुलगी घामाघूम झाली. "सर, तुम्ही काय काम करता?" मी म्हटलं, "दात." तिने आपला हात नकळत तोंडाशी नेला. शेवटी चेहऱ्याचा फोटो आणि सही घेऊन मला आत सोडलं. वर्गातली पोरं मला बघून पटापट उभी राहिली. त्यांना वाटलं, सुपरवायझर आले. मी "बसा, बसा" म्हणालो आणि माझ्या बाकावर जाऊन बसलो. त्यानंतर खरे सुपरवायझर आले, तेव्हा कुणीच उठलं नाही.

त्या वर्षीचा फिजिक्सचा पेपर देशभर गाजला. हुशार पोरं बाहेर येऊन रडली. मला अवघड-सोपं कळण्याइतपत फिजिक्स येत नव्हतं, म्हणून मी शांत होतो. पहिला तास आणि शेवटचा अर्धा तास लघवीला सोडत नाहीत हा नियम मी मधल्या वेळेत किती मोलाचा मानला, ते लिहिण्यासारखं नाही. बायोलॉजीने थोडा हात दिला. साडेतीनच्या सुमारास मी केळं सोललं. त्या शांततेत सालीचा आवाज वर्गभर गेला आणि तीन पोरांनी एकदम मागे वळून पाहिलं. त्यांची एकाग्रता मोडली असेल तर त्यांनी मला क्षमा करावी. मी उत्तरपत्रिकेतले गोल काळे करत होतो. पाडलेल्या दातांच्या जागा मापात दिसतात तसे ते गोल दिसायला लागले होते.

निकाल जूनमध्ये लागला. देशात पहिला आलेल्याला ६८६. खुल्या वर्गाला पात्र व्हायला १४४ लागत होते. मला १५१.

म्हणजे मी पास झालो! सात मार्कांनी, पण पास. बावीस लाखांवर पोरं बसली, त्यातली बारा लाखांहून थोडी अधिक पात्र ठरली, त्यात मी एक. रँक अकरा लाखांच्या किंचित अलीकडे. बीडीएसच्या जागा देशभरात मिळून सत्तावीस-अठ्ठावीस हजार. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजांची नावं मी मोठ्या आवाजात वाचून दाखवली, तेव्हा बायकोने मला थांबवलं नाही. माणसाला एवढं तरी सुख असावं. गल्लीत पेढे वाटले. आईने देवळात सगळ्यांना सांगितलं की पोरगा अकरा लाखांत आला.

एक समुपदेशक भेटले. ते म्हणाले, "काका, शेवटच्या फेरीपर्यंत थांबा. खाजगीत काही जागा रिकाम्या राहतात, बसेल तुमचं." मग त्यांनी फी सांगितली. बायकोने उधारीची वही उलटी केली आणि मागच्या पानावर आकडे मांडले. चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, मिळून पाच. फी, पुस्तकं, बंद लॅब. बाहेर पडताना वय चौपन्न. वर दवाखाना टाकायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे. शेवटी तिने खाली एक रेघ मारली आणि म्हणाली, "एवढ्यात झिर्कोनिया मिलिंगचं मशीन येतं. आणि त्याला फिजिक्स लागत नाही." मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी मशीनचं कोटेशन मागवलं.

बॅचमधल्या त्या गंगाखेडच्या पोराला बीडीएस लागलं. दिवाळीच्या थोडं आधी ते लॅबच्या दारात येऊन उभं राहिलं, हातात पिशवी. मला वाटलं, वडिलांच्या बोलण्याचा सूड घ्यायला आलंय. त्याने पिशवीतून मेणाचे ठोकळे आणि कार्व्हिंगची सुरी काढली. पहिल्या वर्षाला मेणात दात कोरावे लागतात. वरची मधली पटाशी, सुळा, मग दाढा, प्रत्येक उंचवटा आणि खळगा मापात. त्याच्या पटाशीचं फावडं झालं होतं. खालच्या पहिल्या दाढेला पाच उंचवटे असतात, याने सहा केले होते आणि सहावा कुठून आला ते त्यालाही सांगता येईना.

मी चष्मा पुसला, सुरी हातात घेतली. "हे बघ, आधी चारी बाजू सरळ घे. मधोमध रेघ. आतून कोरायचं नाही, बाहेरून आत यायचं." पंधरा मिनिटांत दाढ उभी राहिली. पोराने ती उजेडात धरली. "काका, तुम्ही हे आधी कुठं शिकलात?"

मी गॅपचं प्रतिज्ञापत्र काढून दाखवणार होतो, पण ते बायकोने फाइलला लावलं होतं.

पुढच्या रविवारी तो तिघांना घेऊन आला, त्याच्या पुढच्या रविवारी सात जण आले. त्यात एक तर माझ्या मागच्या बेंचवर खसखस पिकवणारा. लॅबचा मेणाचा डबा संपला. आई चटईवर बसून एकेकाला विचारायची, "तुम्हांला कोणी छळत तर नाही ना रे?" दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरांचा फोन आला, त्यांची मावसबहीण पहिल्या वर्षाला आहे, तिला पाठवू का. मी उदारपणे म्हटलं, पाठवा की, पैसे कसले त्यात. बायको शेजारी उभी होती. तिने माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, "डॉक्टर, फी महिन्याची आगाऊ. पालकांचा मोबाईल नंबर पाठवून द्या. गैरहजर राहिली तर मेसेज जाईल."